रिपोर्टातलं वावडं : प्रस्तावना

माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना आमच्या फ्रिजवर एक यादी लावलेली होती. गहू, गाईचं दूध, अंडं, शेंगदाणा, तूर, तांदूळ, केळं, कोळंबी. प्रत्येक नावापुढे अधिकची चिन्हं, कुठे एक, कुठे तीन. कागदाच्या तळाशी माझ्याच अक्षरात लाल पेनानं लिहिलेलं : बंद. कोळंबी आमच्या घरात कधी शिजली नव्हती, पोरीनं तिचा वाससुद्धा घेतलेला नव्हता. तरी तिच्यापुढे दोन चिन्हं होती म्हणून तीही बंद.

तीन महिने ती अंगावरचं दूध, नाचणी, मूगडाळ आणि दुधी यांवर राहिली. वजनाचा आलेख आडवा पडला. खाज होती तिथेच होती. रात्री अकराच्या सुमाराला सुरू व्हायची. गुडघ्याच्या लवणीत, कोपराच्या घडीत, कानामागे. सकाळी चादरीवर तपकिरी ठिपके. सासूबाई म्हणायच्या, "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. मलमं लावून दाबू नका." शेजारच्या काकू म्हणायच्या, "इसब आहे, दात येईपर्यंत जायचा नाही." मी कुणाचंच ऐकत नव्हते, कारण माझ्याकडे छापील रिपोर्ट होता.

मग आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट घेतला, न वाचता घडी घालून टेबलावर ठेवला, हात धुतले आणि पोरीला माझ्या मांडीवर बसवून तिचा कोपर उघडला. घडीत मधासारख्या पिवळट खपल्या होत्या, कडेला लस सुटत होती. भिंगातून दोन मिनिटं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातलं काय खाल्ल्यावर काय झालं होतं?" मी यादीवरून सांगायला लागले आणि अंड्यापाशी अडले. अंडं तिनं अजून खाल्लंच नव्हतं. शेंगदाणाही नाही. गव्हाची पोळी ती खात होती आणि पोळीनं काही झाल्याचं मला आठवेना. डॉक्टर म्हणाले, "मग या कागदानं तुम्हाला काय सांगितलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हे पुस्तक झालं. मी डॉक्टर नाही. विज्ञानावर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि इसब हा आमच्या घरचा पाहुणा. मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. इसब असलेल्या माणसाच्या हातात बहुधा दोन प्रकारचे रिपोर्ट येतात. एक अ‍ॅलर्जीचा, दुसरा कातडीवरच्या जंतूंचा. दोन्ही रिपोर्ट 'आहे' एवढंच सांगतात. 'म्हणून' हा शब्द आपण पदरचा घालतो.

मराठीला खरं तर या घोळातून वाट काढणं सोपं जायला हवं होतं. आपल्याकडे 'बाधणं' वेगळं, 'सोसत नाही' वेगळं आणि 'वावडं' वेगळं. दही रात्री बाधतं, हरभऱ्याची डाळ पोटाला सोसत नाही आणि एखाद्याला वांग्याचं वावडं असतं. त्याशिवाय अंगावर 'पित्त उठतं', म्हणजे गांधी येतात आणि दोन-चार तासांत विरूनही जातात. तो इसब नव्हे. इसब ओला असतो, कोरडा असतो, पण तो मुक्कामाला येतो. खरूज वेगळी, गजकर्ण वेगळं. आजीला हे सगळे फरक ठाऊक होते. आपण या सगळ्यांवर मिळून 'अ‍ॅलर्जी' हा एकच शब्द चिकटवला आणि हातातलं माप हरवून बसलो.

हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं घडवला, आणि त्याला त्यातून पुष्कळच व्यापक गोष्ट सांगायची होती : एखाद्या पदार्थाशी गाठ पडल्यावर शरीराची त्याला प्रतिसाद देण्याची रीत बदलते, मग ती भल्यासाठी बदलो वा वाईटासाठी. पुढे अर्थ आक्रसत गेला. १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये, कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोघांनी एक प्रयोग केला. क्युस्टनरला शिजवलेले मासे चालत नसत, प्राउस्निट्झला मासे खुशाल चालत. क्युस्टनरच्या रक्ताची निवळ प्राउस्निट्झनं स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे गांध उठली. वावडं रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतं, हे पहिल्यांदा दिसलं. ती गोष्ट नेमकी काय, ते कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६-६७च्या सुमाराला अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं आणि तिकडे स्वीडनमध्ये उप्सालाला योहान्सन आणि बेन्निक यांनी, स्वतंत्रपणे, त्या प्रथिनाचा छडा लावला. तेच आजच्या रिपोर्टातलं आयजीई.

मुलीची टोचणी चाचणी पुढे तिसऱ्या वर्षी पुन्हा झाली. ती मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून सांगते. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे काढतात. प्रत्येक आकड्यापाशी एकेका अर्काचा थेंब. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही होता कामा नये. एक थेंब हिस्टामिनचा, तिथे गांध उठलीच पाहिजे. नाही उठली तर मुलाला खाजेचं औषध देऊन आणलंय असं समजायचं आणि घरी पाठवायचं. थेंबातून बारीक टोकानं कातडी जेमतेम खरवडली जाते, रक्त येत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता धरून बसायचं. तीन वर्षांच्या पोरीला खाज सुटलेली असताना पंधरा मिनिटं हात धरून ठेवणं ही या चाचणीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते. नंतर पट्टीनं मोजणी. पाण्याच्या थेंबापेक्षा तीन मिलिमीटर मोठी गांध असेल तर 'पॉझिटिव्ह'.

आता या पॉझिटिव्हचा अर्थ. शरीराची त्या पदार्थाशी ओळख झालेली आहे आणि ती ओळख आयजीईच्या रूपात नोंदवलेली आहे. ओळखीचं भांडण झालंय का, होईल का, हे ती गांध सांगत नाही. ते सांगतो खाण्याचा अनुभव. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ सुजले, गांधी उठल्या, उलटी झाली, दम लागला, असा इतिहास असेल तर चाचणी त्यावर शिक्का मारते आणि तो शिक्का मोलाचा असतो, कारण अशा वावड्यानं जीवही जाऊ शकतो. इतिहास नसताना वीस पदार्थांची चाचणी करून घेतली, तर इसब असलेल्या मुलात निम्म्यांपुढे चिन्हं येणं हे नवल नाही. मध्यम ते तीव्र इसबात रक्तातलं आयजीई पुष्कळदा मुळातच वाढलेलं असतं. आपल्याकडे तर पोटातल्या जंतांनीही एकूण आयजीई वाढतं. तेव्हा एकूण आकडा हजारात आला म्हणून घरदार हादरायचं कारण नाही.

आणि कोळंबी? तिचं कोडं पुष्कळ उशिरा सुटलं. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन धुळीतल्या माइटमध्ये आणि झुरळातही जवळजवळ तसंच असतं. आमच्या गादीतल्या माइटशी झालेली ओळख रिपोर्टात कोळंबीच्या नावावर जमा झाली होती. धर्मनियमानं कवचाचे मासे जन्मात न खाल्लेल्या कर्मठ ज्यू माणसांच्या रक्तातही कोळंबीविरुद्धचं आयजीई सापडल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा आमचं शाकाहारी घर काही जगावेगळं नव्हतं.

अशा याद्यांचं पुढे काय होतं, त्याचा एक हिशेब डेन्व्हरच्याच नॅशनल ज्युइश रुग्णालयातून २०११ साली आला. अन्नाची अ‍ॅलर्जी आहे असं ठरवून ज्यांचं खाणं तोडलेलं होतं, अशी १२५ मुलं. बहुतेकांना इसब. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना वर्ज्य पदार्थ थोडे थोडे खाऊ घातले. ३६४ वेळा हे करून पाहिलं, त्यातल्या ३२५ वेळा काहीही झालं नाही. म्हणजे दर दहा नकारांमधले जवळपास नऊ उगाच. बरं, उगाच तर उगाच, चार महिने पोळी नाही खाल्ली तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं. जो पदार्थ पोटाच्या रोजच्या ओळखीचा आहे, तो अचानक तोडला तर पोटाची सवय मोडू शकते आणि पुन्हा समोर आल्यावर खरंखुरं, झटकन येणारं वावडं उभं राहू शकतं. अशी मुलं डॉक्टरांनी पाहिली आहेत. रिपोर्टानं न दिलेलं वावडं पथ्यानं दिलं, असा हा प्रकार.

आमच्या यादीतलं एकेक नाव दवाखान्यात बसून खोडलं गेलं. गहू, तूर, तांदूळ, दूध, शेंगदाणा. अंड्याचं मात्र खरं निघालं. चमच्याच्या टोकाएवढं दिलं आणि वीस मिनिटांत हनुवटीभोवती गांधी उठल्या. म्हणून चाचण्या भंपक असतात असं म्हणणाऱ्यांच्या रांगेतही मला उभं राहता येत नाही.

आता दुसरा रिपोर्ट. कापसाचा बोळा चट्ट्यावरून फिरवून प्रयोगशाळेत पाठवतात आणि दोन-तीन दिवसांनी कागद येतो : स्टॅफिलोकॉकस ऑरिअस, भरपूर वाढ. खाली कुठलं अँटिबायोटिक चालेल, त्याचा तक्ता. बघणाऱ्याला वाटतं, सापडला चोर.

हा जंतू पहिल्यांदा नीट पाहिला तो अलेक्झांडर ऑगस्टन या स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या सर्जननं, १८८०च्या सुमाराला. गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गोल गोल कणांचे घोस दिसले. त्यानं घरामागे प्रयोगशाळा थाटली आणि हे कण कोंबडीच्या ताज्या अंड्यांत वाढवून पाहिले. द्राक्षाच्या घडाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यावरून १८८२ साली त्यानं त्यांचं स्टॅफिलोकॉकस हे नाव ठेवलं. दोन वर्षांनी जर्मनीतल्या रोझेनबाखनं सोनेरी रंगाच्या वसाहती करणाऱ्या जातीला ऑरिअस म्हटलं. डॉक्टर लोक घाईत नुसतं स्टॅफ म्हणतात, मीही म्हणते.

इसब आणि हा सोनेरी स्टॅफ यांची गाठ १९७४ साली ठळकपणे मांडली गेली. लेडन, मार्पल्स आणि क्लिगमन यांनी इसबाच्या चट्ट्यांवरचे जंतू मोजले आणि दहातल्या नऊ रुग्णांच्या चट्ट्यांवर स्टॅफ ऑरिअस निघाला. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०१६ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात चट्ट्यांवर तो ७० टक्के रुग्णांत आढळला आणि त्याच रुग्णांच्या वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर ३९ टक्क्यांत. निरोगी माणसांत चौघांमागे साधारण एकाच्या नाकात तो असतोच, पण कोरड्या, धडधाकट कातडीवर त्याला सहसा थारा मिळत नाही.

इसबाच्या कातडीवर मिळतो, कारण तिथे त्याच्यासाठी सगळी सोय झालेली असते. कातडीचा वरचा थर हा विटा-चुन्याच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशी, चुना म्हणजे मधली स्निग्ध द्रव्यं. विटा घट्ट होण्यासाठी फिलॅग्रिन नावाचं प्रथिन लागतं. त्याचेच तुकडे पुढे कातडीत पाणी धरून ठेवतात आणि पृष्ठभाग किंचित आंबट राखतात. २००६ साली स्कॉटलंडमध्ये डंडीला अर्विन मॅक्लीन यांच्या गटानं दाखवलं की फिलॅग्रिनचा जनुक मोडका असणाऱ्यांना इसबाचा धोका कितीतरी जास्त असतो. भिंत कोरडी पडते, भेगाळते, आंबटपणा उतरतो. स्टॅफला आंबटपणा मानवत नाही. तो उतरला की त्याचं फावतं. शिवाय कातडी स्वतः जी जंतुनाशक प्रथिनं बनवते, ती इसबाच्या दाहात कमी पडतात. जागा रिकामी, दार सताड उघडं आणि राखणदार जेवायला गेलेला.

आत शिरल्यावर तो गप्प बसत नाही. तो विषं सोडतो, त्यातली काही इतकी जहाल की प्रतिकारशक्तीच्या पेशींचे थवेच्या थवे एकदम चाळवतात. तो भिंतीच्या विटा कुरतडणारी विकरं सोडतो. यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट २०२३ साली हार्वर्डमधल्या आयझॅक च्यू यांच्या गटाकडून आली. स्टॅफचं व्ही-८ नावाचं एक विकर थेट कातडीतल्या मज्जातंतूंवरची कळ दाबतं आणि खाज सुटते, दाह असो वा नसो. हे उंदरांत दिसलं. ती कळ अडवणारं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आधीपासून वापरात असलेलं एक औषध दिल्यावर उंदरांचं खाजवणं उतरलं. रात्री अकराला माझी मुलगी ज्याच्यापायी उठून बसायची, त्यातला काही वाटा या एका विकराचा असू शकेल, ही कल्पना मला अजून झोपेत आठवते.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, मग मारा की त्याला! इथेच दुसऱ्या रिपोर्टातला 'म्हणून' आडवा येतो. ब्रिटनमध्ये चिघळल्यासारख्या दिसणाऱ्या, पण सौम्य इसबाच्या ११३ मुलांवर एक चाचणी झाली. काहींना तोंडावाटे अँटिबायोटिक, काहींना अँटिबायोटिक मलम, काहींना दोन्हींच्या जागी नुसती नकली औषधं. स्टेरॉइड मलम आणि कातडी मऊ ठेवणारं मलम सगळ्यांनाच. अँटिबायोटिकचा म्हणावा असा काही फायदा निघाला नाही. उलट दुसरीकडे असं दिसतं की नुसत्या स्टेरॉइड मलमानं दाह उतरला तरी स्टॅफची संख्या आपोआप घटते. अलीकडच्या डुपिलुमॅबसारख्या इंजेक्शनानं, जे जंतूला हातही लावत नाही, फक्त दाहाचा एक निरोप अडवतं, तेही होतं आणि इतर जंतूंची वस्ती पुन्हा भरते. घर दुरुस्त झालं की घुसखोर आपसूक निघून जातो. अंगात ताप, झपाट्यानं पसरणारी लाली, पू, किंवा एकसारखे छोटे खोलगट फोड आणि दुखणं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पण नुसता बोळ्याचा रिपोर्ट हातात आहे म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स, हा हिशेब चुकीचा आहे.

या वस्तीत सगळेच घुसखोर नसतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला रिचर्ड गॅलो यांच्या गटानं २०१७ साली दाखवलं की निरोगी कातडीवरचे काही साधे, निरुपद्रवी स्टॅफ सोनेरी भावंडाला मारणारी द्रव्यं बनवतात आणि इसबाच्या रुग्णांत नेमके तेच कमी असतात. मग त्यांनी रुग्णाच्याच कातडीवरचे असे चांगले जंतू वेचून, वाढवून, मलमात कालवून त्याच रुग्णाच्या हातावर लावले. सोनेरी स्टॅफ घटला. विरजण लावण्यासारखी ही कल्पना मोहक आहे, पण हिच्या जाहिराती इतक्यात गंभीरपणे घेऊ नयेत. दुसऱ्या एका जंतूचं असंच मलम सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत आशा दाखवून २०२१ साली मोठ्या चाचणीत आपटलं.

घरातल्या खोबरेल तेलाबद्दल मला नेहमी विचारतात. फिलिपिन्समध्ये २००८ साली इसबाच्या ५२ प्रौढांवर तुलना झाली, निम्म्यांना कच्च्या खोबऱ्याचं तेल, निम्म्यांना ऑलिव्ह तेल. खोबरेलवाल्यांत वीस जणांच्या कातडीवर स्टॅफ ऑरिअस होता, शेवटी एकाच्या उरला. ऑलिव्हवाल्यांत बारांपैकी सहांच्या. अभ्यास लहान आहे, पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या आज्यांना मान डोलवायला पुरेसा. इंटरनेटवर फिरणाऱ्या ब्लीचच्या अंघोळीचं मात्र तसं नाही. शिकागोत २००९ साली ३१ मुलांवर केलेल्या चाचणीतून ती प्रसिद्ध झाली, नंतर अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा साध्या पाण्याच्या अंघोळीपेक्षा ती फार सरस दिसली नाही. शिवाय तिचं प्रमाण भरलेल्या टबासाठी लिहिलेलं आहे. आपली अंघोळ बादलीत. अर्धा कप बादलीत ओतणाऱ्या एका आईचं मला पत्र आलं होतं. कृपा करून नको.

आतापर्यंत दोन रिपोर्टांच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. या पुस्तकाचा मधला भाग त्या दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात, तिथला आहे, आणि मला तोच सगळ्यात रसाळ वाटतो. पहिली भेट रक्तात. डोनाल्ड लुंग यांच्या गटानं १९९३ साली दाखवलं की इसबाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत स्टॅफच्या विषांविरुद्धच आयजीई असतं. म्हणजे जंतूचंही वावडं! आपण यादीत गहू नि तूर शोधत असतो आणि वावडं धरायचंच झालं तर ते कातडीवर वस्तीला आलेल्या या पाहुण्याचं असतं. नेहमीच्या खाण्याच्या पॅनेलमध्ये त्याचं नावही नसतं.

दुसरी भेट भिंतीच्या भेगेत. लंडनच्या गिडिअन लॅक यांना २००३ साली असं आढळलं की शेंगदाण्याचं वावडं असलेल्या मुलांत, तान्हेपणी सुजलेल्या कातडीवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेली मुलं जास्त होती. त्यातून एक विचार पुढे आला : तोंडावाटे पोटात गेलेलं अन्न शरीर सोयरं मानतं, फुटक्या कातडीतून आत आलेलं अन्न वैरी मानतं. मग त्यांनी उलटं करून पाहिलं. तीव्र इसब किंवा अंड्याचं वावडं असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं. निम्म्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत तोडला. २०१५ साली निकाल आला. तोडलेल्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याचं वावडं, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. वर्षानुवर्षं दिला गेलेला सल्ला उताणा पडला. आणि त्याच बाळांच्या नोंदी पुन्हा चाळल्या तेव्हा २०१९ साली कळलं की ज्यांच्या अंगावर सोनेरी स्टॅफ होता, त्यांच्यात अंड्याचं आणि शेंगदाण्याचं वावडं अधिक होतं, इसब किती तीव्र आहे ते वजा करूनही. दोन रिपोर्ट एकाच भेगेतून आलेले निघाले.

इथे मला आपली मालिशवाली बाई आठवते. डाळीचं पीठ दुधात कालवून बाळाला खसाखसा घासण्याची तिची रीत. धडधाकट कातडीच्या बाळाचं त्यानं काही बिघडत नसेलही. पण ज्या बाळाच्या गालांना नि घड्यांना भेगा आहेत, त्याच्या कातडीत आपण चणाडाळ आणि दूध चोळतोय, वरच्या तर्कानं पाहिलं तर हे पोटाऐवजी चुकीच्या दारानं आत नेणं झालं. मालिश ठेवा, पीठ डब्यात ठेवा.

मोठ्यांची कथा थोडी निराळी. त्यांच्यासाठी तिसरी चाचणी आहे, पॅच टेस्ट, आणि तिचा आयजीईशी काडीचा संबंध नाही. १८९५ साली योझेफ याडासोन यानं ती पहिल्यांदा मांडली. संशयित द्रव्यं छोट्या वाट्यांत घालून पाठीवर ४८ तास चिकटवतात आणि दोन दिवसांनी व पुन्हा चौथ्या दिवशी वाचतात. पाठ भिजवायची नाही, घाम आणायचा नाही. एप्रिलमधल्या नागपूरला हे सांगणं म्हणजे चेष्टाच. हिची गरज आपल्याकडे का आहे, त्याचं उत्तर पुण्याच्या रस्त्याकडेला उगवतं. गाजर गवत, काँग्रेस गवत, पार्थेनियम. भारतात त्याची नोंद १९५६ साली पुण्यात झाली आणि त्यापासून होणाऱ्या कातडीच्या दाहाचं पहिलं सविस्तर वर्णनही पुण्यातूनच १९७४ साली गेलं. त्याचे वाळलेले कण हवेतून येऊन पापण्यांवर, मानेवर, कोपरांच्या घडीत बसतात. दिसायला हुबेहूब लहानपणचा इसब. टोचणी चाचणीत तो सापडत नाही. अशा शेतकऱ्याला वीस पदार्थांचा रक्ताचा रिपोर्ट देऊन वांगं सोडायला सांगणं हा अन्याय आहे आणि तो रोज होतो.

होतो आणखीही एक. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या त्या मिश्र ट्यूब, ज्यांत जहाल स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र असतं. गजकर्णावर लावली की दोन दिवस आराम आणि मग दुप्पट पसारा, शिवाय रूप बदलून. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात जाऊन मागून बघा. गंमत अशी की ज्याला स्टेरॉइड मलम खरोखर हवं, ती इसबवाल्या बाळाची आई नाव ऐकूनच घाबरते आणि ज्याला ते नको, तो ट्यूब संपवतो. योग्य ताकदीचं, मोजून, ठरावीक दिवस लावलेलं मलम काय करतं, त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. मोठ्यांच्या बोटाच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, हे माप निदान पाठ करा.

आणखी एक खुलासा. परदेशी पुस्तकांत 'लाल चट्टे' असतात. आपल्या सावळ्या कातडीवर ते लाल दिसत नाहीत, जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतात आणि बरे झाल्यावर जागा महिनोन्‌महिने काळपट राहते. तो डाग म्हणजे इसब नाही. तो घासून काढायला जाऊ नका, मी गेले होते.

प्रकरणं एकामागून एक वाचलीच पाहिजेत असं नाही. ज्यांच्या हातात आत्ता, या घटकेला रिपोर्ट आहे, त्यांनी थेट तिसऱ्या प्रकरणावर जावं आणि तोवर ताटातलं काही काढू नये. एखाद्या पदार्थानं झटकन त्रास झालेला असेल तर तो तेवढा सोडून. ज्यांना जंतूंचीच गोडी आहे, त्यांच्यासाठी पाचवं आणि सहावं. आठव्यात आकडेमोड जास्त आहे, कंटाळा आला तर सोडा.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. हिवाळ्यात लवणी अजून खाजतात. केकमध्ये भाजलेलं अंडं चालतं, आम्लेट अजून नाही. हे हस्तलिखित तिनं वाचलं. तिच्याविषयीचे दोन परिच्छेद तिला आवडले नाहीत, ते काढले आहेत.